सर हॉरेस यांनी उचललेला प्याला

तिफ्लिस, ९ मार्च १९३६

मंत्रिसाहेबांनी आज बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. परराष्ट्र खात्यात खुर्ची मिळाली की ओळखावं, काम अवघड आहे आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर लागायचं आहे.

इंग्रज येताहेत. सर हॉरेस पेनफोल्ड नावाचे गृहस्थ, सोबत एक चिटणीस आणि कराराचा मसुदा. उत्तरेकडून रशियाने पाऊल टाकलं तर इंग्रजी आरमार बातुमीच्या बंदरात येऊन उभं राहील, अशी हमी. बदल्यात बंदरात त्यांना मोकळीक आणि आमचं मँगनीज जवळजवळ फुकट. एकवीस सालच्या फेब्रुवारीत लाल फौज शहराच्या वेशीवरून परत गेली, तेव्हापासून पंधरा वर्षं आम्ही स्वतंत्र आहोत. भाडेकरू जसा घरात राहतो तसे. जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायचं. आता म्हणे घर कायमचं नावावर होणार.

"मेजवानीचे तामादा तुम्हीच," साहेब म्हणाले. मेजाच्या टोकाला बसून कोणाच्या नावाने कधी प्याला उचलायचा हे ठरवणं, ही एकच गोष्ट मला या सरकारपेक्षा बरी जमते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मग त्यांनी उठून दार लावलं. लंडनच्या वकिलातीत लष्करी मदतनिसाची जागा रिकामी आहे. "तुमचा आवतांदिल दर्यालच्या खिंडीत आहे ना? इंग्रजी येतं म्हणे त्याला. महिनाअखेरीपर्यंत काय ते सांगा."

खात्यात येण्यापूर्वी वीस वर्षं मी 'खेचर' साप्ताहिक चालवलं. त्यातली दहा तरी मंत्र्यांच्या भाच्यांच्या परदेशी नेमणुकांची टर उडवून जगलो. आता माझाच मुलगा? तिफ्लिसमधल्या प्रत्येक न्हाव्याला महिनाभराचं खाद्य.

घरी येऊन बायकोला, नूत्साला, सांगितलं. ती राजमा निवडत होती. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू आहेत, त्यामुळे घरात सकाळ-संध्याकाळ लोबियो.

"हो म्हणून आलास ना?"

"विचार करतो म्हणालो."

"तुझ्या विचाराला कोण विचारतंय? जागा पोराला आहे."

ती गुरियाची. तिकडची माणसं घोड्यावर चढता चढता भांडण काढतात आणि उतरायच्या आत संपवतात. मी मात्र दुपारभर खोलीत येरझाऱ्या घालतोय.


१७ मार्च

सर हॉरेस आले. उंच, वाकलेले, साठीचे. चेहरा असा, की जन्मभर दुसऱ्यांच्या अंत्ययात्रांना वेळेवर पोहोचत आले असावेत. चिटणीस लाइल मात्र टुणटुणीत.

अनौपचारिक म्हणून आज दोघांना घरी जेवायला आणलं. फ्रेंचमधून बोलणं झालं. नूत्साने उपवास बाजूला ठेवून साचिवी केली होती. अक्रोडाच्या त्या घट्ट रश्शात पाव बुडवून सर हॉरेस यांनी वाटी पुसून खाल्ली, ते पाहून मला हे लोक आरमार पाठवतील अशी पहिल्यांदा खात्री वाटली. साफेरावी वाइनचे तीन प्याले घेतले. प्याला उचलताना यजमानिणीकडे वळून, डोळ्यांत बघून, एका दमात. आमचे अर्धे उपमंत्री असं पीत नाहीत.

"छान पिता तुम्ही," नूत्सा म्हणाली.

"युद्ध संपल्यावर दोन हिवाळे बातुमीत काढले होते, मादाम. आमच्या पलटणीला तिथे दुसरं काही कामच नव्हतं. मला तिथल्या एका कोळ्याने शिकवलं, कोणाशी काय प्यावं ते."

मी हसलो. परदेशी माणसाला आमच्या मेजाच्या रीतीतलं एक अक्षर कळलं, की तो सगळं पुस्तक वाचल्यासारखा बोलतो.

भिंतीवर आवतांदिलचा, आमच्या आवतोचा, वर्दीतला फोटो आहे. सर हॉरेस बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. कुठे असतो विचारलं. रशियाच्या सरहद्दीवर, दर्यालच्या खिंडीत, असं मी अभिमानाने सांगितलं.

"एकुलता एक?"

"एकच, पण पुरून उरतो."

"खिंडीत वसंत ऋतू वाईट असतो," ते म्हणाले. "या वर्षी तर फारच वाईट असेल, असं ऐकतो. त्याला आमच्याकडे शिकायला का नाही पाठवत? लवकर पाठवा."

किती सभ्य लोक! पहिल्या भेटीत मुलाच्या शिक्षणाची काळजी. ते गेल्यावर नूत्सा हातातलं फडकं पिळत म्हणाली, "लवकर का म्हणाला?"

"सत्र सुरू होत असेल."

"मार्चमध्ये?"

आता इंग्लंडातल्या कॉलेजांची सत्रं मी पाठ करायची का?


१९ मार्च

मसुद्यात एक स्वल्पविराम त्यांना नको आहे, आम्हाला हवा आहे. दिवस गेला.


२१ मार्च

सकाळ झाली आहे, चहा दोनदा गार झाला. क्रमाने लिहितो.

काल मेजवानी झाली. समाजवादी सरकारला उपवास नसतो, म्हणून कोकरूही होतं. मी शांततेच्या नावाने पहिला प्याला उचलला, मग मातृभूमीच्या, मग पाहुण्यांच्या, मग गेलेल्यांच्या. सगळं रेशमासारखं सरकत होतं. सर हॉरेस प्रत्येक वेळी वाइनचा प्याला ओठाला लावून खाली ठेवत होते, पीत नव्हते. पोट बिघडलं असेल असं वाटलं. मग मी दोन्ही देशांच्या मैत्रीबद्दल बोललो. एकवीस सालची फेब्रुवारी, खिंडीतली आमची पोरं, समुद्र जोडतो आणि पर्वत राखतो वगैरे. अर्थमंत्री रडले, ते आकडे वाचतानाही रडतात, पण हे रडणं वेगळं होतं. शेवटी रीतीप्रमाणे पुढचं बोलणं पाहुण्याच्या हाती सोपवलं.

सर हॉरेस उभे राहिले. वाढप्याला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. वाढप्याचा चेहरा उतरला. तो गेला आणि बियरचा ग्लास घेऊन आला.

आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, की तहान लागली तर बियर खुशाल प्यावी, पण ती हातात धरून कोणाचं नाव घेऊ नये. बियरने ज्याच्या नावाने प्यावं, त्याचं वाटोळं व्हावं असं म्हणण्यासारखं आहे. आम्ही ती जकात अधिकाऱ्यांसाठी आणि शेजारच्या सम्राटांसाठी राखून ठेवतो.

सर हॉरेस यांनी फेस बसायची वाट पाहिली आणि म्हणाले, "माझ्या सरकारच्या वतीने, आपल्या स्वातंत्र्याच्या नावाने. आणि खिंडीतल्या तरुणांच्या नावाने." मग माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. आणि ग्लास रिकामा केला.

दोनशे माणसांच्या दालनात कोकराची चरबी थिजताना ऐकू आली असती.

मी उठलो. कसा, ते देवाला माहीत. म्हणालो, "बातोनेबो, सद्गृहस्थहो! आपल्या थोर पाहुण्याने आपल्या सगळ्यांना लाजवलं. आपण शहरी माणसं विसरलो, की वर डोंगरात देवासमोर वाइन ठेवत नाहीत. तिथे द्राक्षं पिकत नाहीत. तिथे सणाला घरची बियर काढतात आणि सर्वांत पवित्र नावं तिनेच घेतात. खिंडीतल्या पोरांसाठी सर हॉरेस खिंडीच्या रीतीने प्यायले!"

क्षणभर कोणाला कळेना. मग लष्करमंत्र्यांनी आरोळी ठोकली, आणि सगळे बियर मागू लागले. मंत्रिसाहेबांनी माझा हात दाबला. त्यांचा तळवा घामाने चिंब होता.

सर हॉरेस तेवढे हसले नाहीत. इतकं सावरून घेतल्यावर आभाराचा एक शब्द अपेक्षित होता. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मी त्यांच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं.


२२ मार्च

डोंगराची गोष्ट डोंगराइतकी टिकली नाही. विरोधकांच्या पेपरात मथळा आहे: 'लंडनने आम्हाला बियर पाजली'. विद्यार्थी इंग्रजी वकिलातीसमोर जमून इंग्लंडच्या राजाच्या नावाने बियर पीत आहेत. पोलीस त्यांना पांगवत आहेत आणि उरलेली पीत आहेत.

मंत्रिमंडळ पाच तास बसलं. मलाही बोलावलं होतं. विषय एकच: ग्लास. तो अपमान होता, अज्ञान होतं की इशारा? लष्करमंत्री म्हणाले, अपमान. अर्थमंत्री म्हणाले, अपमान असला तरी करार झाला तर चालेल. कृषिमंत्र्यांनी विचारलं, "इशारा असेल तर?"

"कशाचा?"

"बियरचा जो अर्थ असतो त्याचा."

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "बातोनेबो, लंडनच्या माणसाला बातुमी कुठे आहे ते कळतं, आमचे रीतिरिवाज नाही. त्याचं पोट बिघडलेलं आहे." ठराव झाला: पाहुण्यांनी दुसऱ्या मेजवानीत वाइनने प्यावं, म्हणजे जनतेचं समाधान होईल. त्यांना पटवायचं काम माझ्याकडे.

मॉस्कोत इंग्रज व्यापारी मंडळ उतरल्याची तार याच बैठकीत आली होती. वेळ झाला म्हणून ती पुढच्या आठवड्यावर टाकली.


२४ मार्च

हॉटेलात गेलो. खालच्या दालनात लाइल मॅनेजरशी हुज्जत घालत होता. त्याला बाकूमार्गे मॉस्कोला जाणाऱ्या गाडीत झोपायच्या दोन जागा हव्या होत्या. मला पाहून गडबडला. तरुण आहे, जग बघायची हौस असेल.

सर हॉरेस खिडकीत बसले होते. मी घोळून घोळून विषयावर आलो. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मिस्टर जोर्बेनाद्झे, मी इथे जे बोललो त्यातलं बहुतेक मला लिहून दिलेलं आहे. तो ग्लास तेवढा माझा होता. तो तुम्हाला खरंच बदलून हवा आहे?"

"हवाय," मी म्हणालो.

"तुमची पत्नीही असंच म्हणते?"

"ती राजकारणात नाही."

"नशीबवान आहे." ते उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "ठीक आहे. उद्या लंडनहूनही मला हेच सांगण्यात येईल. तुम्ही सांगितलंत हे जास्त वाईट झालं."

मानी माणूस. पण मी जिंकलो. घरी येताना चालण्यात थोडा ताठा आला होता, हे कबूल केलं पाहिजे.


२८ मार्च

काल दुसरी मेजवानी. काय सांगू! सर हॉरेस यांनी शिंगात भरलेली वाइन घेतली (शिंग रिकामं केल्याशिवाय खाली ठेवता येत नाही), आणि चक्क आमच्या भाषेत म्हणाले, "गाउमार्जोस." विजय असो. चुकीचा उच्चार नाही, अडखळणं नाही. दालन उभं राहिलं. म्हाताऱ्या सेनापतींनी त्यांची पाठ थोपटली. पिताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. भारावले असणार.

करारावर दोन्हीकडच्या आद्याक्षरांच्या सह्या झाल्या. पुरी सही लंडनला, उन्हाळ्यात.

त्या भरातच मी मंत्रिसाहेबांना सांगितलं, "आवतांदिलची जागा दुसऱ्या कोणाला द्या. ज्याच्या नावाने इंग्लंड प्यायलं, तो खिंड सोडून लंडनला चहा प्यायला जाणार नाही." शेजारच्या मेजावर टाळ्या पडल्या. अशा टाळ्या 'खेचर'च्या दिवसांतही पडल्या नव्हत्या.

आज फोनवर आवतोला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत, बाबा." मग म्हणाला, "लंडनला समुद्र जवळ आहे का हो?" लहानपणापासून त्याला पोहायचं वेड.

नूत्साला अजून सांगितलेलं नाही.


३१ मार्च

सर हॉरेस गेले. बातुमीच्या गाडीने नव्हे, बाकूच्या. स्टेशनवर मी फुलं घेऊन गेलो होतो. त्यांनी ती घेतली नाहीत, माझा हात मात्र सोडेनात. "मुलगा?" एवढंच विचारलं.

"खिंडीत," मी म्हणालो. "आता काळजी नाही."

त्यांनी टोपी काढली आणि गाडी सुटेपर्यंत घातली नाही.

हे सगळं संध्याकाळी नूत्साला सांगत बसलो. ती भाकरीचं पीठ मळत होती. मळणं थांबलं.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बियर. बातुमीच्या कोळ्याने शिकवलं म्हणाला ना? कोणाशी काय प्यावं ते? माझ्या मेजावर तीन प्याले वाइन घेतली त्याने, वारलाम. तेव्हा त्याचं पोट कुठे गेलं होतं?"

"नूत्सा, इंग्रजी मुत्सद्दी..."

"मुत्सद्दी गेला खड्ड्यात! तो माणूस भर सभेत उभा राहून सांगत होता, आम्ही तुम्हाला विकलं. दुसरं काही त्याला बोलता येत नव्हतं. आणि तू उठलास, आणि डोंगरातला देव मध्ये आणलास! आणि वर परत जाऊन त्याला सांगितलंस, की बाबा रे, खोटं बोल, आम्हाला तेच आवडतं!"

मी म्हणालो, हा बायकी तर्क आहे. मग तिने लंडनच्या जागेचं काय झालं ते विचारलं, आणि मला सांगावं लागलं.

तिने आरडाओरडा केला नाही. हात धुतले. पिठाचे हात धुवायला इतका वेळ लागतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.


१ एप्रिल

नूत्सा सकाळच्या टपालगाडीने वर गेली. "पोराला घेऊन येते," म्हणाली. सैन्यातला अधिकारी, काखोटीला मारून आणणार आहे म्हणे. वर रस्त्यावर दरडी पडताहेत. मी म्हणालो, निदान ईस्टर होऊ दे. तिने डोक्याला रुमाल बांधला तो बांधलाच.

घरात लोबियोचं भांडं आहे. मी आज एकटाच उपवास केला. कोणासाठी ते माहीत नाही.


४ एप्रिल

दुपार. खात्यातून आत्ता आलो, टोपीसुद्धा काढलेली नाही.

मॉस्कोची बातमी सकाळी आली. इंग्लंड आणि रशिया यांच्यात तेलाचा आणि व्यापाराचा करार. शेवटच्या कलमात एकमेकांच्या 'निकटच्या हितसंबंधांच्या प्रदेशात' ढवळाढवळ न करण्याचं वचन. आमचं नाव कुठेही नाही. इतक्या सभ्यपणे आम्हाला आजवर कोणी वगळलं नव्हतं. इंग्रजांच्या बाजूने सहीला बसलेल्यांत सर हॉरेस आहेत.

मंत्रिसाहेब खिडकीशी उभे होते. मी म्हणालो, "साहेब, ती लंडनची जागा..."

"गेली, वारलाम. माझ्या मेव्हण्याचा मुलगा परवाच बातुमीहून बोटीत बसला." माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "लिहा तुमच्या 'खेचर'मध्ये."

मग त्यांनीच घंटी वाजवली, आवतांदिलची पंधरा दिवसांची रजा मंजूर केली आणि म्हणाले, "रजेवर गेलेला परत आला नाही, तर सध्या कोणी विचारणार नाही. लष्करी फोन वापरा. जा."

खिंडीतलं ठाणं जोडायला तासभर लागला. आधी नूत्साचा आवाज. "येत नाही म्हणतो! तीन दिवस डोकं फोडतेय. इंग्रज येणार, करार झालाय, वडिलांनी सांगितलंय, एकच धोशा. तूच सांग आता. तूच भरवलंस, तूच काढ."

मग आवतो. बातमी वरही पोहोचली होती, पण अर्धीमुर्धी. "बाबा, इथे सगळे भांडतायत. कोणी म्हणतं तो आधी बियरने प्यायला ते खरं, कोणी म्हणतं नंतर वाइनने प्यायला ते खरं. तुम्ही दोन्ही वेळा शेजारी होतात. खरं कुठलं?"

रजा मंजूर झालीय हे मी त्याला सांगितलं होतं. खरं कळलं की तो उतरेल, असा माझा हिशोब होता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच हातात प्याला नसताना मी खरं बोललो.

"पहिलं," मी म्हणालो. "पहिलं खरं होतं. दुसरं मी करायला लावलं."

"म्हणजे इंग्रज येत नाहीत."

"नाही."

"कोणीच येत नाही?"

"कोणी नाही रे, बाळा. म्हणून तर म्हणतोय, आईबरोबर आजच्या आज निघ."

तारेत वाऱ्याचा आवाज येत होता.

"करार खरा असता तर या रजेवर आलो असतो, बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून आलो असतो. आम्ही इथे आहोत की नाही याला मग काही फरक पडला नसता. आता कसा येऊ?"

मेजाच्या टोकाला तीस वर्षं बसलेल्या माणसाने एवढंच विचारलं, "आणि आई?"

"आईला संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो," तो म्हणाला. "तुम्ही टपालगाडीच्या अड्ड्यावर या तिला घ्यायला."

आणि मागून, अगदी जवळून, नूत्सा: "कोणाला बसवतोस रे? मला? तुझी छाती आहे?"

"आई, हे ठाणं आहे, स्वयंपाकघर नाही."

"मग इतकी घाण का आहे? आणि ते मोजे कोणाचे? काढ आधी ओले मोजे!"

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. ते दोघं माझ्याशी बोलत नव्हते. तो तिला गाडीची वेळ सांगत होता, ती त्याला मोज्यांवरून बोलत होती, मध्येच कोणीतरी हसलं. तार तुटेपर्यंत मी ऐकत राहिलो.